जुन्या पेढीची खोली हाती लागली तर: आवरायच्या आधी काय बघायचं, चोपड्या कशा वाचायच्या, कशा जपायच्या

वाडा रीडेव्हलपमेंटला जातो, बाजारपेठेतलं जुनं दुकान विकायला निघतं, नाहीतर काकांच्या पश्चात वरच्या मजल्याचं कुलूप निघतं आणि आत बघावं तर एक बसकी खोली, भिंतीतल्या फडताळांत लाल चोपड्यांच्या थप्प्या, कोपऱ्यात तिजोरी आणि एक उतरत्या झाकणाची लाकडी पेटी. ही पेढीची खोली. पैसे इथे मोजले जायचे आणि हिशेब इथे लिहिला जायचा. मग घरात दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते रद्दीवाल्याला बोलवा, दुसरी म्हणते राहू दे कधीतरी बघू, आणि या कधीतरीमधे वाळवी सगळं बघून टाकते.

ज्यांना खरंच बसून बघायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. हिशेबाच्या वह्या वाटतात तेवढ्या अवघड नसतात. जुनं पत्र वाचताना एखादा शब्द चुकला तर चुकलाय हे कळायला मार्गच नसतो, पण कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, वाचताना आकडा चुकला की त्या दिवसाची शिल्लक जुळत नाही, म्हणजे तपासायची सोय त्याच पानावर. मोडीचा गंध नसलेला माणूससुद्धा आकड्यांपासून सुरुवात करून बरंच आत जाऊ शकतो. घाई मात्र करायची नाही.

पहिलं काम: काहीही हलवायचं नाही

झाडूसुद्धा मारू नका. दारात उभं राहून चारही भिंतींचे फोटो घ्या, मग प्रत्येक फडताळाचा, प्रत्येक कोनाड्याचा, पेटीच्या आतला, तिजोरीच्या मागचा. कारण कुठली चोपडी कुठे होती हीच अर्धी माहिती असते. हाताशी ठेवलेल्या वह्या वापरातल्या, माळ्यावरच्या बंद झालेल्या, तिजोरीतल्या गुपचूप बघायच्या. एकदा सगळं जमिनीवर ओतून "आता लावूया नीट" केलंत की हा क्रम परत मिळत नाही. गठ्ठे कापडात बांधलेले असतील (बस्ते म्हणतात, सरकारी दप्तरात रुमाल म्हणतात) तर एका बस्त्यातलं दुसऱ्यात मिसळू देऊ नका.

एका कागदावर खोलीचा कच्चा नकाशा काढा, फडताळांना अ, ब, क नावं द्या, त्यातल्या थप्प्यांना नंबर. कागद साधा चालेल पण पेन नको, पेन्सिलच घ्या, या खोलीत शाईचं पेन आणायचंच नाही असं ठरवून टाका.

खोली स्वतः काय सांगते

हा भाग लोक सोडून देतात कारण सगळ्यांचं लक्ष चोपड्यांवर आणि तिजोरीवर. पण खोली नीट बघितली तर धंदा कसा चालायचा ते दिसतं.

आधी गादीची जागा शोधा. जुन्या पेढीत टेबल-खुर्ची नसायची, जमिनीवर किंवा हातभर उंच ओट्यावर गाद्या, वर पांढरी चादर, भिंतीला लोड आणि तक्के. गादी काढून टाकलेली असली तरी भिंतीवर पाठ टेकून टेकून तेलकट झालेला पट्टा राहतो, तो किती उंचीवर आहे आणि किती लांब आहे ते बघा, म्हणजे किती माणसं ओळीनं बसायची याचा अंदाज येतो. मालक सहसा दार दिसेल असा बसणार, कोण आलं ते त्याला आधी कळलं पाहिजे. मुनीमजी खिडकीजवळ, कारण दिवसभर लिहायचं तर उजेड हवा. ती उतरत्या झाकणाची पेटी मुनीमजीची. मांडी घालून बसायचं, पेटी पुढ्यात, झाकणावर चोपडी ठेवून लिहायचं आणि आत कलमदान, दौत, बोरू, शाई सुकवायची वाळू, सुटी चिल्लर. पेटीच्या तळाशी अजून वाळू सापडली तर ती फुंकून टाकू नका, छोट्या डबीत भरून ठेवा.

मग पैसे मोजायची जागा. नोटांच्या आधी सगळा व्यवहार नाण्यांचा होता आणि नाणं मोजणं म्हणजे फक्त गिणती नव्हे, पारखणंही आलं. चांदीचा रुपया दगडावर आपटून आवाज ऐकायचा, संशय आला तर काट्यात टाकायचा. गादीच्या जवळ जमिनीत एखादी वेगळी गुळगुळीत फरशी किंवा दगडाचा तुकडा बसवलेला दिसला तर त्याचाही फोटो घ्या. काटा, वजनं, मापं एकत्र ठेवा, वजनांवरचे शिक्के बघा, पॉलिश करू नका. पितळ चमकवायची हौस भल्याभल्यांना आवरत नाही आणि त्यात शिक्के झिजतात.

भिंती हलक्या हातानं वाजवून बघा. जुन्या वाड्यांत जाड भिंतीत बळदं असायची, धान्य ठेवायला म्हणून, पण पेढीवाल्यांच्या घरात बळदात कागदही निघतात. फडताळाच्या मागची फळी, ओट्याखालचा कप्पा, पेटीतला चोरकप्पा हे सगळं बघायचं, पण पहारी घेऊन नाही.

तिजोरीबद्दल एकच विनंती, ग्राइंडर लावू नका. दारावर किंवा आतल्या बाजूला कंपनीची पाटी असते, विलायतेहून आलेल्या चब, मिल्नर अशा पेट्या जुन्या पेढ्यांमधे दिसतात, आपल्याकडे गोदरेजनं १८९७ मधे कुलपांपासून सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत तिजोऱ्या करायला लागले. पाटीवरचं नाव आणि नंबर टिपून घ्या, जुन्या तिजोऱ्या उघडणारे कारागीर मिळतात. आणि ती सरकवायच्या आधी खालची जमीन बघा, लाकडी तुळयांवरच्या मजल्यावर असं धूड ढकलणं म्हणजे खालच्या मजल्यावरच्यांच्या जिवाशी खेळ.

हात लावायच्या आधी

एन-९५ मास्क घाला, हे मस्करीत घेऊ नका, जुन्या कागदावरची बुरशी आणि वर्षानुवर्षांची धूळ छातीत गेली की पंधरा दिवस खोकत बसाल. हातमोजे नसले तरी चालतील, धुतलेले पूर्ण कोरडे हात उलट जास्त बरे, कागदाचा अंदाज येतो. ओली चोपडी उघडायची नाही. पानं चिकटलेली असतील तर सुरी घालायची नाही, ती चोपडी बाजूला ठेवा, नंतर जाणकाराला दाखवा. आपल्याकडची जुनी शाई बरीचशी काजळ आणि डिंकाची, ती उन्हानं फारशी उडत नाही पण पाण्यानं पसरते, त्यामुळे ओलं फडकं हा सगळ्यात मोठा शत्रू. मऊ कोरडा ब्रश, बांधणीकडून बाहेरच्या दिशेनं, बास.

चोपड्या वेगळ्या करणं

लाल खारव्याच्या (जाड सुती कापडाच्या) पुठ्ठ्याच्या, जाड दोऱ्यानं शिवलेल्या, लांबट चोपड्या बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. आत मात्र प्रत्येकीचं काम वेगळं.

खर्डा म्हणजे कच्ची वही. व्यवहार झाला की लगेच घाईघाईत टिपून ठेवायचं, खाडाखोड भरपूर, अक्षर वाईट. माझ्या मते सगळ्यात मजेदार वही हीच, कारण माणसं इथे दिसतात, कोण आलं, काय नेलं, काय कबूल केलं. रोजकीर्द ही पक्की, दिवसाचे सगळे व्यवहार तारीखवार, स्वच्छ अक्षरात. खतावणीत तेच व्यवहार पण माणसागणिक किंवा विषयागणिक खाती पाडून. कीर्दीतल्या नोंदीशेजारी छोटा आकडा दिसला तर तो बहुतेक खतावणीचं पान, आणि खतावणीत उलटा कीर्दीचा संदर्भ. तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्या एकत्र काढलेली यादी, आणि वर्षाचा ताळेबंद वेगळा. याशिवाय व्याजवही, हुंडीची (अमक्याला पैसे द्या अशा लेखी चिठ्ठीची) नकलवही, मालाची आवक-जावक, पत्रांची वही, धंदा जसा तशा वह्या.

पहिल्यांदा वाचायला रोजकीर्द घ्या, खतावणी नको. खतावणी उघडली की नुसती नावं आणि आकडे, काही कळत नाही आणि माणूस कंटाळतो. कीर्दीत दिवस सुरू होतो आणि संपतो, त्यामुळे पकडायला काहीतरी असतं.

वर्ष कसं ठरवायचं

पहिलं पान बघा. वर श्री, स्वस्तिक, शुभ लाभ, कुंकवाचे डाग, आणि बहुतेक वेळा संवत किंवा शके. पेढीचं वर्ष दिवाळीला बदलायचं, लक्ष्मीपूजनाला नव्या चोपडीची पूजा आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेला नवीन संवत. काही जण लिहायला सुरुवात मात्र लाभपंचमीला करायचे, म्हणून पहिल्या चार दिवसांत काहीच नोंद नसेल तर पानं फाटली असं समजू नका.

आता गणित. कार्तिकी विक्रम संवत असेल तर कार्तिकापासून डिसेंबरपर्यंत ५७ वजा करायचे, जानेवारीपासून पुढच्या आश्विनापर्यंत ५६. शके असेल तर चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत ७९. म्हणजे संवत १९८० ची चोपडी १९२३ च्या दिवाळीला सुरू झालेली, आणि तिथेच शके लिहिला असेल तर तो १८४५ असायला हवा. कार्तिक ते फाल्गुन संवत आणि शके यांच्यात १३५ चा फरक येतो, चैत्रात शके बदलला की १३४. दोन्ही लिहिलेले असतील तर हा फरक काढून बघा, आकडा वाचण्यात चूक असेल तर इथेच पकडली जाते.

मारवाडी पेढी असेल तर अजून एक गोची आहे. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावस्येला, त्यामुळे शुद्ध पक्षात महिन्याचं नाव सारखं पण वद्य पक्षात एक महिना पुढचं. आपली दिवाळीची अमावस्या आश्विन वद्य ३०, त्यांच्या वहीत तीच कार्तिक वदी ३०. (अमावस्येला ३० लिहितात आणि पौर्णिमेला १५, याने गोंधळू नका.) वार दिलेला असेल तर पंचांगावरून इंग्रजी तारीख काढून वार जुळतोय का बघा, तिथीची खात्री करायला याहून सोपं काही नाही.

वर्षच लिहिलेलं नसेल तर कागद उजेडाकडे धरा. गिरणीच्या कागदात कधीकधी कंपनीचं नाव पाण्याच्या छापासारखं दिसतं, हातकागद असेल तर दिसत नाही (जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा ही आपल्याकडची हातकागदाची जुनी ठिकाणं). पावत्यांवर एक आण्याचं तिकीट चिकटवलेलं असेल तर त्यावरचा चेहरा बघा: व्हिक्टोरिया असेल तर पावती बहुधा १९०१ च्या आसपासची किंवा आधीची, सातवा एडवर्ड १९०१ ते १९१०, पाचवा जॉर्ज १९१० ते १९३६, सहावा जॉर्ज त्यानंतरचा. जुनी तिकिटं थोडे दिवस वापरात राहायची म्हणून एकदोन वर्षांची मोकळीक ठेवा. आणि नवे पैसे दिसले तर नोंद १ एप्रिल १९५७ नंतरची, नक्की.

दिवाळी ते दिवाळी वर्षाच्या चोपड्या १९८० च्या दशकापर्यंत सर्रास दिसतात आणि मग अचानक बंद होतात, त्याचं कारण आयकर. कायदा बदलला आणि करनिर्धारण वर्ष १९८९-९० पासून सगळ्यांनाच ३१ मार्चला वर्ष संपवणं भाग पडलं. चोपडीपूजन तसंच राहिलं, हिशेबाचं वर्ष मात्र दिवाळीपासून तुटलं.

लिपीची भीती

मराठी पेढीत मोडी, मुंबईत भाटिया-गुजराती पेढीत गुजराती, मारवाड्यांकडे महाजनी, आणि विसाव्या शतकात हळूहळू बालबोध, म्हणजे देवनागरी. १९१७ मधे मुंबई सरकारनं कारभारासाठी मोडीऐवजी बालबोध पुढे आणली तरी मुनीमांच्या हाताला मोडी होती, ती पुढे बरीच वर्षं चालली. मोडीत आधी पूर्ण ओळीची रेघ मारून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, शब्दांमधे जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. महाजनीत तर मात्राच गाळतात, त्यावरचा तो जुना किस्सा सगळ्यांना माहीत असेल, "काकाजी अजमेर गये" लिहिलं आणि घरच्यांनी "काकाजी आज मर गये" वाचून रडारड सुरू केली.

पण कीर्द वाचायला पूर्ण मोडी यायची गरज नसते. तेच तेच शब्द येतात. रु॥ म्हणजे रुपये, गु॥ म्हणजे गुजारत, कुणाच्यामार्फत ते, ह॥ हस्ते, ब॥ बद्दल, पै॥ पैकी. आकडे, महिने, वार, हे संक्षेप आणि दहाबारा मालाची नावं आली की निम्मं पान कळायला लागतं. स्वतःसाठी एक तक्ता करा: त्या विशिष्ट मुनीमाचा १ कसा, ५ कसा, ६ आणि ९ मधे फरक काय. दुसऱ्याचं छापील पुस्तक घेऊन बसण्यापेक्षा हा घरचा तक्ता जास्त कामाला येतो, कारण हात बदलला की वळण बदलतं. पुढे शिकायचं असेल तर राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे वळायलाही हरकत नाही.

पान वाचायला घेऊया

चोपडीत छापील रेघा नसतात, कागदाला घड्या घालून सळ पाडलेले असतात आणि तेच रकाने. मोबाइलचा टॉर्च कागदाच्या कडेनं, जवळजवळ आडवा धरला की पुसट झालेले सळही उठून दिसतात. डावीकडचे सळ जमेचे, उजवीकडचे नावेचे. प्रत्येक बाजूच्या पहिल्या सळात मुख्य रक्कम आणि आतल्या सळांत तपशील, म्हणजे कुणाची, कशाची, कुणाच्या हस्ते. सगळ्याच चोपड्यांत सळांची संख्या सारखी नसते, आधी मोजून घ्या.

रोख पेढीत आली की जमा, गेली की नावे. इंग्रजी पद्धतीचं अकाउंट्स शिकलेल्यांचा इथे हमखास घोळ होतो कारण त्यांच्या कॅशबुकात आलेली रक्कम डेबिटला, आणि इथे जमा म्हणजे क्रेडिट, तेही डाव्या हाताला. ते डोक्यातून काढून टाका आणि फक्त आलं-गेलं बघा.

मग आणे. १६ आण्यांचा रुपया, आण्याचे ४ पैसे किंवा १२ पै. लिहायची पद्धत मोठी सुटसुटीत: रुपयांच्या आकड्यापुढे उभी रेघ म्हणजे पाव रुपया, चार आणे. दोन उभ्या म्हणजे आठ आणे, तीन म्हणजे बारा. त्यापुढे आडव्या रेघा, एक म्हणजे एक आणा, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. पाव, अर्धा, पाऊण हे त्या लोकांच्या रक्तातच होतं, पोरांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करून घ्यायचे ते याचसाठी, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा.

समजायला एक बनवलेला दिवस घेऊ.

जमेकडे सगळ्यात वर श्री शिल्लक १४२॥।= म्हणजे १४२ रुपये १४ आणे, ही कालची उरलेली रोकड. खाली ज्वारी विक्री ८५।- म्हणजे ८५ रुपये ५ आणे. त्याखाली एका कुळाकडून आलेले ५०. एकूण २७८≡, म्हणजे २७८ रुपये ३ आणे.

नावेकडे हमाली १॥, गाडीभाडं ६।, गूळ खरेदी १२०॥।- म्हणजे १२० रुपये १३ आणे. एकूण १२८॥- म्हणजे १२८ रुपये ९ आणे.

जमेतून नावे वजा, राहिली शिल्लक १४९॥=, १४९ रुपये १० आणे. हीच रक्कम दुसऱ्या दिवशीच्या पानावर डाव्या हाताला सगळ्यात वर श्री शिल्लक म्हणून आली पाहिजे. आली, की दोन दिवसांचं वाचन पक्कं.

नाही आली तर फरक किती ते बघा, फरकच चूक कुठे आहे ते सांगतो. चार आण्यांचा किंवा आठ आण्यांचा फरक असेल तर उभी रेघ कमीजास्त वाचली, बहुतेक शिवणीजवळ दबलेली किंवा घडीवर आल्यानं दिसली नाही. एक-दोन आण्यांचा असेल तर आडवी. पूर्ण रुपयांचा फरक असेल आणि त्याला ९ नं भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झालीय, ५४ चे ४५ वाचलेत, किंवा एखादा आकडा दशकाच्या जागी सरकलाय. फरक एखाद्या नोंदीच्या बरोबर दुप्पट असेल तर ती नोंद चुकीच्या बाजूला धरली. हे सगळं करूनही जुळलं नाही तर दोन शक्यता उरतात, एक म्हणजे मधलं पान गेलंय आणि दुसरी म्हणजे मुनीमजीच चुकलेत. दुसरी शक्यता सगळ्यात शेवटी धरायची, ही माणसं आण्यासाठी रात्र जागवायची.

फार जुन्या वहीत, १८३५ च्या आधीच्या, रुपया म्हणजे नुसता रुपया नसतो. अंकुशी, चांदवडी, सुरती अशी नावं येतात आणि एकातून दुसऱ्यात जाताना बट्टा (नाणं बदलण्याची कपात) कापलेला असतो, सराफांचं पोट त्याच्यावरच होतं. १८३५ मधे कंपनी सरकारनं १८० ग्रेनचा, म्हणजे एक तोळ्याचा, एकसारखा चांदीचा रुपया आणला, तरी जुनी नाणी लगेच गेली नाहीत. मराठवाड्यातल्या पेढीत हाली सिक्का दिसेल, तो निजामाचा, साधारण सात हालीला सहा इंग्रजी रुपये. अशा वहीत बेरीज जुळत नसेल तर आधी दोन रुपये एकत्र मिसळलेत का ते तपासा.

खतावणीत काय शोधायचं

कीर्द जमली की खतावणी सोपी. माणसांची खाती असतातच, पण वस्तूंची आणि खर्चांची बघा: वटाव (सूट), आडत (दलाली), हमाली, तोलाई (वजन करण्याची मजुरी), व्याज, घरखर्च. घरखर्च खातं वाचलं तर त्या घरात कधी लग्न होतं, कधी आजारपण, कधी वैद्याला आणि कधी डॉक्टरला पैसे जायला लागले ते सगळं समजतं. धर्मादाय खातं हमखास असतं, मालाच्या नगामागे थोडी रक्कम कापून देवळाला, धर्मशाळेला, पांजरापोळाला द्यायची पद्धत होती, आणि गावातल्या एखाद्या संस्थेचा इतिहास लिहायचा असेल तर हे खातं सोन्याहून पिवळं. व्याजाच्या खात्यात मुद्दलाएवढं व्याज झालं की आकडा थांबलेला दिसेल, तो दामदुपटीचा नियम, मुंबई इलाख्यात हिंदू ऋणको-धनकोंच्या बाबतीत कोर्टही तो मानायचं.

हुंड्या

सुटे कागद, कधी तिकिटाच्या छापाचे, चोपडीत दुमडून ठेवलेले. दर्शनी हुंडी दाखवली की लगेच पैसे, मुदतीची ठरलेल्या दिवसांनी. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या माणसालाच मिळायचे. जोखमी हुंडीत माल सुखरूप पोचला तरच पैसे, म्हणजे अर्धा विमाच तो. हुंडी हरवली तर दुसरी प्रत काढायची ती पेठ, तीही हरवली तर परपेठ, आणि पैसे चुकते होऊन निकालात निघालेली हुंडी म्हणजे खोखा. तुमच्या पेढीत सापडतील ते बहुतेक खोखेच. रक्कम अशी लिहितात की खोटेपणा करता येऊ नये: शंभर रुपये, ज्याचे निम्मे पन्नास, त्याचे दुप्पट. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यानंसुद्धा देशी भाषेतल्या हुंड्यांचे स्थानिक रिवाज अबाधित ठेवले होते. हुंडी ज्या पानात सापडली ते पान टिपून ठेवा, पाठीमागची बाजू विसरू नका, सगळा प्रवास तिथे सह्यांमधे असतो.

फोटो आणि यादी

स्कॅनर नको, चोपडी उलटी दाबावी लागते आणि शिवण तुटते. मोबाइल पुरतो, पण स्टँडवर, चोपडीच्या बरोबर वर, दोन बाजूंनी तिरका उजेड, फ्लॅश बंद. पहिल्या फोटोत चोपडीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी आणि एक पट्टी ठेवा म्हणजे आकार कळेल. कोरी पानंसुद्धा काढा, नाहीतर नंतर पान सुटलं की कोरं होतं ते समजत नाही. फाइलचं नाव फडताळ-थप्पी-चोपडी-पान असं, आणि तीन ठिकाणी कॉपी, त्यातली एक घराबाहेर. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेले फोटो म्हणजे कॉपी नव्हे, ते लहान होऊन जातात.

आणि हो, सगळं इंटरनेटवर टाकायची घाई करू नका. कुणाच्या आजोबांनी किती कर्ज बुडवलं हे त्या वहीत नावानिशी आहे आणि ती घरं अजून त्याच गावात आहेत.

जपणं

सेलोटेप नाही, लॅमिनेशन अजिबात नाही, रबरबँड नाही, स्टेपलरच्या पिना आणि गंजलेल्या टाचण्या हळूच काढून टाका. धुतलेल्या, न रंगवलेल्या सुती कापडात बांधा, लाल खारवा दमट हवेत रंग सोडतो म्हणून नवं लाल कापड नको. चोपड्या आडव्या ठेवा, तीन-चारच्या वर थप्पी नको, भिंतीला टेकवून नको, जमिनीवर तर नकोच. लोखंडी कपाट चालेल पण पावसाळ्यात आठवड्यातून एकदोनदा दारं उघडी ठेवा. कसर लागलेली पण कोरडी चोपडी असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमधे दोन आठवडे ठेवायची आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर आतच पाणी सुटतं. वाळवी असेल तर मात्र आधी भिंतीचा बंदोबस्त, चोपड्या दुसऱ्या खोलीत.

कायद्याच्या दोनचार गोष्टी

धंदा अजून चालू असेल तर अलीकडच्या वर्षांची एकही वही सीएला विचारल्याशिवाय हलवू नका. गहाणखतं, खरेदीखतं, कोर्टाचे कागद निघाले तर ते वेगळे काढून वकिलाला दाखवा. चोपडीत कुणाकडे बाकी दिसली म्हणून वसुलीला जाऊ नका, मुदत कायद्यानं असं येणं सहसा तीन वर्षांतच बाद होतं. जमिनीत किंवा भिंतीत पुरलेली नाणी सापडली तर १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा लागतो, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज असेल तर कलेक्टरला कळवावं लागतं. ऐतिहासिक महत्त्वाची ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं आणि कागद १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकतात, परदेशातल्या नातेवाइकांना भेट म्हणून पाठवायच्या आधी चौकशी करा.

घरी ठेवणं जमणार नसेल तर पुराभिलेखागार, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, जवळच्या विद्यापीठाचा इतिहास विभाग, यांना आधी फोन करून विचारा. देताना खोलीचे ते पहिले फोटो आणि नकाशाही द्या, आणि सलग वर्षांचा संच फोडू नका. "एक आठवण म्हणून ही एक चोपडी ठेवतो" असं वाटलं तर कीर्द-खतावणीच्या जोडीतली काढू नका, जिची जोडी आधीच हरवलीय अशी एखादी ठेवा.